जवसाचा भाव उतरला तेव्हा

१

आग रविवारी भर दुपारी लागली आणि सोमवारी सकाळपर्यंत तिचं कारण सगळ्या भिलाईला पाठ झालं. कुरुदच्या तेलगोदामाचा चौकीदार नत्थू विडी ओढता ओढता झोपला, विडी तेलकट जमिनीवर पडली, गोदाम पेटलं आणि नत्थू त्यात गेला. फौजदाराने तसंच लिहून घेतलं. मेलेला माणूस उलटून बोलत नाही, त्यामुळे तपास लवकर आटोपला.

शामराव बोरकुटे तिथे पोचले तेव्हा राख अजून कोमट होती. शामरावांची उमर रेल्वेत गेली होती. नागपूर ते दुर्ग लायनीवर कुणाचा माल वाटेत गळाला, कुणाचा भिजला आणि कुणी नुसतंच भिजल्याचं सोंग केलं, हे हुडकून काढायचं त्यांचं काम. पेन्शनीत निघाल्यावर विंध्य इरेक्टर्स नावाच्या कंपनीने त्यांना चौकशी अधिकारी म्हणून बोलावून घेतलं. नव्या पोलाद कारखान्याच्या शेडी उभारायचा आणि त्यांचं लोखंड रंगवायचा ठेका या कंपनीकडे होता. रंगाआधी लोखंडाला शेंदराचा हात द्यावा लागतो आणि शेंदूर कालवायला लागतं उकळलेलं जवसाचं तेल. ते पुरवायचे पंजाबराव घोडखांदे. जळालेलं गोदाम त्यांचंच.

छपराचे पत्रे वाकून खाली आले होते. दाराजवळचे ड्रम फुटून उलटे झाले होते, त्यांचा रंग जळून नुसतं तांबडं लोखंड उरलं होतं. मागच्या भिंतीकडचे ड्रम मात्र उभेच होते. शामरावांनी एकावरची काजळी चपलेने खरवडली. खाली हिरवा रंग निघाला, नव्यासारखा. वरच्या वितभर भागात रंग करपला होता, त्याखाली जसाच्या तसा. ड्रमच्या तोंडातून त्यांनी आत पाहिलं. आत पाणी होतं.

"बंबवाल्यायनं मारलं ते पानी," मागून आवाज आला. पंजाबराव जीपमधून उतरले होते. पांढरं धोतर काजळीला लागू नये म्हणून त्यांनी सोगा हातात धरला होता. "तासभर पाइप चालू होता, बोरकुटे साहेब. भरन नाही तं काय."

"तुमचं लई नुकसान झालं."

"माह्यं कायचं? मोजणीवर सह्या झाल्या की माल कंपनीचा. करारात तसंच हाय. मी आपला सांभाळून राह्यलो होतो." पंजाबरावांनी सुस्कारा सोडला. "नत्थूचं वाईट झालं. पण विडीचं व्यसन वाईटच."

दाराशी उभ्या असलेल्या शिपायाला शामरावांनी विचारलं, प्रेत कुठे सापडलं. शिपायाने मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. नत्थूने आधी दाराजवळचे दोन ड्रम ढकलत बाहेर आणले होते. ते कडुनिंबाखाली अजून पडले होते. फौजदाराने दोन्ही उघडून पाहिले, आत चोख तेल. ते बाहेर आणून नत्थू पुन्हा आत गेला होता.

"मागच्या ड्रमले मिठी मारून होता साहेब. हात सोडवता सुटेनात."

विडी ओढत झोपलेला माणूस खाटेवर मरतो. हा माणूस जागा होता, दाराबाहेर होता, आणि परत आत गेला होता. फौजदाराने लिहिलेलं खोटं होतं एवढं शामरावांना तिथेच कळलं. खरं काय ते कळलं नव्हतं.

२

सेक्टर १० मधलं क्वार्टर साधनाच्या नावाने होतं. ती कारखान्याच्या शाळेत शिकवत असे आणि आईवडील तिच्याकडे राहत. संध्याकाळी शामराव घरी आले तेव्हा विजयकुमार निनावे ओट्यावर बसला होता. हा मुलगा भंडाऱ्याचा, शामरावांच्या शब्दावर कंपनीत माल तपासनीस म्हणून लागलेला. दिवाळीनंतर त्याचं आणि साधनाचं लग्न ठरलं होतं.

"माह्या सहीचा माल गेला, काका," तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "उद्या कोणी म्हणन, मोजलंच नव्हतं."

"मोजलं तं होतं ना?"

"एकूण एक ड्रम. रॉड टाकून पाह्यलं. तळापर्यंत तेल."

राधाबाईंनी चहा ठेवला. घरात त्यांना कोणी काही समजावून सांगत नसे, पण त्या विचारल्याशिवाय राहत नसत. "जवस स्वस्त झाला तं घाटा पंजाबरावचा. कंपनी कावून भरून राहिली?"

"कंपनीनंच त्याले सांगितलं होतं, वर्षभराचं तेल घेऊन ठेव म्हणून," शामराव म्हणाले. "त्यानं महाग असताना घेतलं. आता नवा जवस बाजारात आला, भाव धाडकन पडला. तं ज्या दिवशी भाव बदलला त्या दिवशी त्याच्या गोदामात जेवढं तेल पडून होतं, तेवढ्यावरचा फरक कंपनी त्याले देते. भाव चढला असता तं त्यानं कंपनीले दिला असता."

"म्हणजे गोदाम जितकं भरलेलं, तितका त्याचा फायदा."

"भाव पडला असंल तं, हो."

"अन् भरलं होतं हे सांगणारा कोण?"

विजयकुमार हसला. "मी, काकू."

मग तो म्हणाला, की संशय घ्यायचा तर एकाच माणसावर घेता येतो. पंजाबरावांचा मुनीम दयाराम साहू. त्याला पौषात कामावरून काढलं होतं, आणि रविवारी सकाळी तो गोदामाजवळ दिसला होता. आग दुपारची. त्या वेळी पंजाबराव दुर्गला लग्नाच्या पंगतीत होते, शेजारच्या पाटावर कंपनीचे बडे साहेब. आणि विजयकुमार स्वतः इथे, याच घरात, शामरावांच्या पानाला पान लावून जेवत होता. आगीचा भोंगा वाजला तेव्हा राधाबाई त्याला भात वाढत होत्या. हात दोनदा धुऊनही जवसाचा वास जात नाही म्हणून त्यांनी त्याची थट्टा केली होती, आणि तो म्हणाला होता, नोकरीचाच वास आहे, जाईल कसा.

"दयाराम कुठं असते आता?" शामरावांनी विचारलं.

"अहिवाऱ्याले. चुनखडीच्या खदानीवर. पण तो पळून गेला नसंल तं नवल."

३

दयाराम पळाला नव्हता. खदानीच्या पत्र्याच्या खोलीत तो हजेरी लावत बसला होता, अंगावर, भुवयांवर पांढरी धूळ. शामरावांना पाहून तो उठला आणि हात जोडून तसाच उभा राहिला.

"मालूम था, कोई आएगा," तो म्हणाला. "चौकीदार मरा है, तो निकाले हुए आदमी को ही पूछेंगे."

रविवारी तिथे गेलो होतो हे त्याने लगेच कबूल केलं. राहिलेला पगार मागायला. मालक नव्हते. नत्थू एकटाच आत ड्रम पुसत होता, अंगभर तेल, हातात चिंध्या. त्याने पाणी विचारलं, दयाराम पाणी प्यायला आणि परत फिरला.

"एकटा होता म्हणता. अजून कोणी नव्हतं?"

दयारामने भुवईवरची धूळ पुसली. "बाहर एक साइकिल खड़ी थी. नत्थू के पास तो साइकिल नहीं है."

"कोणाची?"

"पीछे से किसी की आवाज आ रही थी, साहब. मैंने देखा नहीं. मेरा झगड़ा मालिक से था, और किसी से नहीं."

शामरावांनी त्याला खाली बसवलं. कामावरून का काढलं, ते विचारलं. दयाराम हसला, आणि ते हसणं चांगलं नव्हतं. चोरी केली नव्हती, उशीर केला नव्हता. फक्त एक प्रश्न विचारला होता.

"पौषात मालकाने डिझेलचा पंप भाड्याने आणला. मैंने बस इतना पूछा कि पंप का किराया किस खाते में डालूँ. तेल के गोदाम में पंप का क्या काम? दूसरे दिन छुट्टी."

"अन् नत्थू? तो काही बोलला नाही?"

"नत्थू था ही कहाँ? मालकाने त्याला पगारी सुट्टी देऊन गावी पाठवलं होतं. पूरे महीने. चौकीदार को पगारी सुट्टी, साहब. हमने तो पहली बार सुना."

शामराव उठले. पंजाबराव कुणाला फुकट पाण्याचा पेलाही देणारा माणूस नव्हता.

४

कुरुदची विहीर गोदामाच्या मागेच होती. भरल्या वस्तीची विहीर, पण तिच्याभोवती भांड्यांची रांग लागली होती आणि दोर खाली जाऊन दगडावर आपटत होता. शामरावांनी विचारलं तेव्हा एका म्हातारीने गोदामाकडे हात करून कडाकडा बोलायला सुरुवात केली.

"हमर कुआँ ला ओखर पंप ह पी डारिस!"

पंजाबरावच्या पंपाने आमची विहीर पिऊन टाकली, असं ती सांगत होती. पौषात दिवसच्या दिवस पंप चालला. विचारायला गेलं तर सांगितलं, गोदाम धुतोय. तेव्हापासून झरा जो बसला तो बसलाच.

शामराव तिथल्याच दगडावर बसले. गोदाम धुवायला एवढं पाणी लागत नाही. आणि धुतलेलं पाणी बाहेर वाहतं. एका थेंबाचाही ओघळ कुणी पाहिला नव्हता. म्हणजे विहिरीचं पाणी गोदामात गेलं आणि आतच राहिलं.

चुलीवरच्या पातेल्यात पाणी आहे तोवर पातेलं करपत नाही. पाणी जिथवर, तिथवर धातू वाचतो. वरचा कोरडा काठ काळा पडतो. मागच्या ड्रमांचा हिरवा रंग तसाच वाचला होता, वितभर काठ सोडून. बंबाचं पाणी आग पेटल्यानंतर आलं असतं, तर त्याच्या आधीच तो रंग जळायला हवा होता. दाराजवळच्या ड्रमांचा जळालाच होता, कारण त्यांत खरोखर तेल होतं. मागच्या ड्रमांत आग लागण्यापूर्वीपासून पाणी होतं.

सगळं एका रेषेत बसलं. जवस महाग असताना पंजाबरावांनी कंपनीसाठी ठेवलेलं तेल बाहेर विकून टाकलं. रिकामे ड्रम विहिरीच्या पाण्याने भरले आणि वर वितभर तेल ओतलं. तेल पाण्यावर तरंगतं. लोखंडी रॉड आत घातला की तो तेलातून जातो आणि तेलातूनच वर येतो. टोकापासून मुठीपर्यंत तेलकट. मग भाव उतरला. जे तेल गोदामात नव्हतंच त्याच्या उतरलेल्या भावाचा फरक कंपनीने द्यायचा होता. आणि कंपनीने नव्या यार्डात माल हलवायचा हुकूम सोमवारचा काढला होता. सोमवारी तिथल्या टाकीत ड्रम ओतले गेले असते.

म्हणून रविवारी आग लागली.

फक्त लावली कुणी, हे बसत नव्हतं. आगीच्या वेळी प्रत्येक जण दुसरीकडे होता, आणि एकाचा साक्षीदार तर शामराव स्वतःच होते.

५

रेल्वेत असताना नागपूरच्या इतवारी स्टेशनाच्या यार्डात एक वॅगन उभी जळाली होती. बंद, सील केलेली, आत माणूस नाही, दिवा नाही. आत होती रंगाऱ्यांच्या जुन्या चिंध्यांची गाठोडी. शामरावांना ती केस दोन रात्री आठवत राहिली.

तिसऱ्या दिवशी कडुनिंबाखालच्या ड्रममधलं तेल त्यांनी बाटलीत भरून आणलं. सकाळी परसात राधाबाईंचं जुनं लुगडं फाडून चिंध्या केल्या, तेलात भिजवल्या, पिळल्या आणि पत्र्याच्या डब्यात दाबून भरून वर पोतं टाकलं. वैशाखाचं ऊन डब्यावर होतं. काडी नाही, विडी नाही. साधना शाळेतून जेवायला आली तोवर पोत्याखालून उग्र वास सुटला होता. तिने पोतं उचललं. आतून धूर निघाला, आणि वारा लागताच मधली चिंधी लाल झाली.

"जवसाचं उकळलेलं तेल वाळताना तापते," शामराव म्हणाले. "चिंधी पसरून टाकली तं काही होत नाही. ढीग करून झाकली, की उष्णता आतच कोंडते."

साधना डब्याकडे बघत राहिली. "म्हणजे आग लावणारा दुपारी तिथं असायची गरज नव्हती."

"नाही. सकाळी चिंध्यायचा ढीग करून निघून गेला तरी झालं. अन् दुपारी कोणाच्याही घरी जेवायले बसला."

हे बोलताना त्यांच्या डोळ्यांपुढे कोणी नव्हतं. बोलून झाल्यावर मात्र आलं. साधनाने बादलीतलं पाणी डब्यात ओतलं, आणि आत जाता जाता दाराशी थांबली.

"बाबा, रविवारी त्याच्या शर्टाच्या बाहीले हाच वास येत होता," ती म्हणाली. "रविवारी त्याले सुट्टी असते."

६

नत्थूची बायको अंजनाबाई त्याचे दिवस करून भावाच्या गावाहून परत आली होती. गोदामाला लागून असलेल्या झोपडीत ती गाडगी-मडकी बांधत होती. पंजाबरावांनी जागा खाली करायला सांगितलं होतं. शामराव उंबऱ्याशी बसले.

"तो विडी ओढे काय?"

"ओढे. कावून खोटं बोलू? पण गोदामात नाही ओढली कधी. बाहेर, निंबाखाली."

"रविवारी काय झालं?"

ती गाठ मारत राहिली. सकाळी एक साहेब आले. सोमवारी माल जाणार, ड्रम चकचकीत पाहिजेत, असं त्यांनी सांगितलं. चिंध्यांचं गाठोडं सायकलवर त्यांनीच आणलं होतं. मागच्या ओळीतल्या ड्रमांना कुठे कुठे तेल लागलं होतं ते पुसायचं. पुसलेल्या चिंध्या मागच्या भिंतीशी एका ठिकाणी ठेवून वर ताडपत्री घालायला सांगितली. वाऱ्याने उडतील म्हणून.

"मी भाकर घेऊन गेले तं म्हणे, ठेव. सगळे पुसल्याबिगर जागा सोडू नको म्हणून साहेबानं सांगितलं. इतवारी तो दुपारी घरीच येऊन जेवे. त्या दिवशी नाही आला. धूर दिसला तं मी धावली. दोन ड्रम त्यानं बाहेर आणले. मी पाय धरले त्याचे. म्हणे, मालकाचा माल जळून राह्यला अंजना, अन् मी पाहू?"

"साहेब कोण होते?"

"नाव नाही माहीत बाप्पा. तेच, मोजणीले आले होते ते. लोखंडी सळई घेऊन. लई चांगलं बोलतात. आमच्या माणसाले भाऊ म्हनत."

७

विजयकुमार स्टोअर्सच्या मागच्या व्हरांड्यात भेटला. शामरावांनी त्याला बसायला सांगितलं नाही. ते स्वतःही बसले नाहीत.

"मोजणीले रॉड कावून नेला?"

"सगळेच नेतात, काका."

"तू नोकरीले लागला तेव्हा मी तुले काचेची नळी दिली होती. वरून अंगठा दाबायचा, तळाशी न्यायची, मग अंगठा सोडायचा. तळाशी काय आहे तेच वर येते. वर तेल अन् खाली पाणी ठेवणारे मी रेल्वेत कितीक पकडले, हे तुले मीच सांगितलं. ज्याले माहीत नव्हतं त्यानं रॉड नेला असता तं मी समजलो असतो. तुले माहीत होतं म्हणून तू नळी घरी ठेवली."

शामरावांनी चिंध्यांचं गाठोडं सांगितलं, सायकल सांगितली, ताडपत्री सांगितली. परसातला डबा सांगितला. अंजनाबाईने ओळखलं हेही सांगितलं. विजयकुमार खांबाला टेकला.

"मोजणीच्या वेळी मले खरंच माहीत नव्हतं की एवढं पाणी असंल," तो शेवटी म्हणाला. "पंजाबराव म्हणे, थोडं कमी आहे, नळी नको आणू. मी सही केली. मग हलवायचा ऑर्डर आला तेव्हा त्यानं खरं सांगितलं. म्हणे, आता तुही सही आहे, माही नाही. डूबोगे तो तुम डूबोगे."

"अन् बदल्यात?"

"दुर्गले घर. लग्नानंतर दोघांले राहाले." त्याने वर पाहिलं. "काका, माणूस मरावा असं कोणाच्या मनात होतं? मी मुद्दाम रविवार धरला. इतवारी तो दुपारी घरी जाते हे मले माहीत होतं. गोदाम रिकामं असायले पाहिजे होतं."

"तूच त्याले सांगितलं, सगळे पुसल्याशिवाय जागा सोडू नको."

विजयकुमार गोंधळला. तो खरोखर आठवून पाहत होता. "मी? मी असं म्हटलं?"

"म्हटलं."

"असंन म्हटलं. निघता निघता आपण म्हणतोच काहीतरी." त्याचा आवाज बारीक झाला. "मले आठवतही नाही."

शामरावांनी त्याच्याकडे एकदा नीट पाहून घेतलं. या मुलाला ते जावई म्हणून घरात घेणार होते. मग ते निघाले, आणि मागून तो साधनाचं नाव घेऊन काही बोलला ते त्यांनी ऐकून घेतलं नाही.

८

साधनाला त्यांनी सगळं सांगितलं. ती वह्या तपासत होती. तिने लाल पेन्सिल खाली ठेवली.

"त्या दिवशी मीच त्याले साबण दिला," ती म्हणाली. "रिपोर्ट लिहा बाबा. अन् मले पाहाले पुन्हा कोणी आलं तं काय सांगायचं, ते आताच ठरवून ठेवा."

त्यांनी रिपोर्ट लिहिला. बड्या साहेबांनी तो शेवटपर्यंत वाचला आणि शामरावांची तारीफ केली. चहा मागवला. चार दिवसांनी त्यांना पुन्हा बोलावलं तेव्हा खोलीत पंजाबरावही बसले होते, धोतर स्वच्छ, चेहरा खाली.

सगळं मिटलं होतं. पंजाबराव भावातल्या फरकावरचा हक्क सोडत होते. जळालेल्या मालाची किंमतही मागणार नव्हते. जेवढं तेल कमी होतं तेवढं ते नव्या हंगामात, उतरलेल्या भावाने भरून देणार होते. विजयकुमारने राजीनामा दिला होता. कंपनीचं एका थेंबाचंही नुकसान राहिलं नव्हतं.

"आपलाच माणूस मोजणीत सामील होता हे वर कळलं, तर पुढच्या शेडीचा ठेका मिळेल?" बडे साहेब म्हणाले. "बोरकुटेजी, आपने कंपनी को बचा लिया."

"अन् नत्थू?"

"वो तो पुलिस का मामला है. पुलिस की जाँच हो चुकी."

शामराव तिथून सरळ फौजदाराकडे गेले. त्याने ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हता तो. पण तक्रार कोणी द्यायची? ज्याचा माल जळाला ती कंपनी म्हणते आमचं काही गेलं नाही. ज्याचं गोदाम जळालं तो म्हणतो चौकीदाराची चूक. चिंध्या राख झाल्या होत्या, आणि मागचे ड्रम पंजाबरावांनी भंगारात घालून रायपूरला रवाना केले होते. व्हरांड्यात विजयकुमार जे बोलला ते शामरावांखेरीज कुणी ऐकलं नव्हतं. राहता राहिली अंजनाबाई. तिला साहेबाचं नावही माहीत नव्हतं. फौजदाराने कागद बंद केला आणि त्यात विडी तशीच राहिली. चौकीदार स्वतःच्या हलगर्जीपणाने मेला असल्यामुळे त्याच्या बायकोला भरपाई मिळत नव्हती.

महिन्याअखेरीस शामरावांनी नोकरी सोडली. त्याने कुणाचं काही अडलं नाही. विजयकुमार राजनांदगावला पंजाबरावांच्याच धंद्यात लागल्याचं पुढे कानावर आलं.

अंजनाबाईला खरं सांगायला हवं होतं. ते काम त्यांनी पुष्कळ दिवस टाळलं. शेवटी गेले तेव्हा ती झोपडीत नव्हती. कारखान्याच्या नव्या शेडीखाली सापडली, शेंदराची घमेली वाहताना. हात कोपरापर्यंत लाल. तेल अजून पंजाबरावच पुरवत होते.

त्यांनी तिला बाजूला सावलीत बसवलं आणि सांगितलं. विडीने आग लागली नाही. नत्थूची काही चूक नव्हती. आणि ज्या ड्रमासाठी तो परत गेला त्यात तेल नव्हतंच, पाणी भरलं होतं.

ती ऐकत होती. त्यांना वाटलं, रडेल. ती रडली नाही. कपाळाला आठी घालून, शिकवलेलं नीट समजलं का हे पडताळून पाहावं तसं तिने विचारलं,

"सगळ्यायमंदी पानी होतं? मागच्या सगळ्या?"

"हो."

"त्याले कोणी सांगितलं नाही?"

"नाही."

अंजनाबाईने हातांवरचा शेंदूर लुगड्याला पुसला.

"मंग सांगाले पाहिजे होतं," ती म्हणाली. "चिंध्याच पेटल्या होत्या आधी. एक ड्रम आडवा केला असता तं विझली असती. एवढं पानी होतं त्याच्यापाशी, साहेब. एवढं पानी होतं."

वरून मुकादमाने हाक मारली. ती उठली, घमेलं डोक्यावर घेतलं आणि शिडीकडे गेली.